परतवाड्याला गुलाबी फेटे

मला वाचवलं ते एका बांगडीवालीनं. काय झालं ते पुढे येईलच, पण आधी तिचं सांगून टाकतो. कारण त्या दिवसाचं सांगायला बसलो की माझं डोकं तापतं, तोंडात शिव्या आधी येतात आणि उपकार मागे राहून जातात.

अचलपूर शहरात जुन्या दरवाज्याच्या कमानीला लागून तिचा ओटा आहे. सगळं गाव तिला खाला म्हणतं. पोरीबाळी म्हणतात, तिच्या वयाचे म्हातारेही म्हणतात. साठी तिनं कधीच ओलांडली. लाकडी पेटी, काचेच्या बांगड्या, बसायला दुमडलेलं गोणपाट आणि तोंड, एवढा तिचा संसार ओट्यावर मांडलेला असतो. त्यातल्या तोंडाला गाव जास्त ओळखतं. मला तर ती आजतागायत कधी गोड बोललेली नाही.

पहिल्यांदा भेटली तेव्हा मी फेट्याच्या कापडाचं गाठोडं घेऊन कमानीच्या सावलीत उभा होतो. वर ऊन असं की दरवाज्याचे दगडसुद्धा हात लावू देत नव्हते.

"ए, कोन रे तू? माह्या गिऱ्हाइकाच्या अंगावर काहून उभा हायेस?"

"कोल्हापूरकडचा आहे. फेटे बांधतो."

"कोल्हापूरहून इतल्या दूर मराले आला? तिकडं लोकाईले डोकी नाईत का?"

मी गाठोडं उचललं. निघायला लागलो तर तिनं पेटी फरफटत एका बाजूला ओढली. "आता चालला कुठं? बस तिथं. पन पाय लांब करू नोको, बाया येतात."

तेव्हापासून तिच्या ओट्याचा तो कोपरा माझा झाला आणि माझं नाव 'कोल्हापूर' पडलं. "ए कोल्हापूर, सरक. ए कोल्हापूर, तुह्या डोक्यात काय भरलं हाये, भुसा?" असं दिवसभर चालायचं. मी तिथं बसावं का हे तिनं कुणाला विचारलं नाही आणि कुणाला विचारूही दिलं नाही.

मी कागल तालुक्यातला. वडील लग्नात फेटे बांधायचे. मी आठवीत असताना एका लग्नसराईत त्यांनी मला हाताखाली घेतलं, आणि सराई संपल्यावर मी वर्गात परत गेलोच नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही. पुढे अमरावतीच्या एका लग्नाच्या ठेकेदारानं आमच्याकडची चार-पाच फेटेवाली पोरं इकडे आणली. त्याचा धंदा बसला, बाकीचे गावी गेले, मी राहिलो. इकडे तयार फेटा टोपीसारखा विकत मिळतो, पण डोक्यावर बसवून चुणी घालून बांधणारा कुणी नव्हता. परतवाड्यातली लग्नं मिळायला लागली. शेवटी या जूनमध्ये बायकोला आणि लेकीला घेऊन आलो.

लेकीचं पहिलीत नाव घालायचं होतं. शाळेत म्हणाले, वर्ग भरला. मी "बरं" म्हणून परत आलो. मी असाच आहे. कुणी आवाज चढवला की माझ्या तोंडातून फक्त "बरं" निघतं. खालानं बायकोच्या तोंडून ते ऐकलं, पेटीला कुलूप घातलं, बायकोला नि पोरीला घेऊन शाळेत गेली आणि मोठ्या बाईंच्या दारात मांडी घालून बसली. "पोरीले घेतल्याबिगर मी हलत नाई. अन् मी बसली म्हंजे बोलन." दुपारपर्यंत पोरगी वर्गात होती. येताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "तुहा नवरा मुका हाये का वं?" बायकोनं हे मला घरी येऊन हसत हसत सांगितलं. मलाही हसू आलं, पण रात्री झोपताना पुन्हा तीच काळजी लागली. खोली दुसऱ्याची, ओटा दुसऱ्याचा, गाव दुसऱ्याचं. यातलं एक जरी सुटलं तरी शाळा सुटणार. शाळा मधेच तुटली की ती पुन्हा सांधत नाही, हे मला कुणी समजावून द्यायला नको.

खोली ज्यांची, त्यांना गल्लीत भाऊ म्हणतात. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि ते गावाच्या वारसा समितीचे सचिव होते. आता त्या समितीबद्दल.

हे गाव म्हणजे दोन गावं आहेत. एक अचलपूर शहर, जुनं, कमानींचं, एके काळी अख्ख्या वऱ्हाडाची राजधानी होतं ते. आणि नदीवरच्या पुलापलीकडे परतवाडा, ज्याला जुने लोक अजून कॅम्प म्हणतात. तिथं बाजार, बस स्टँड, मेळघाटात जाणाऱ्या जीपगाड्या. त्यामागे डोंगर, आणि डोंगर चढून गेलं की मध्य प्रदेश. सीमेवरचं गाव असल्यामुळे बाजारात अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. बाहेरच्याला वाटतं, सगळं एकच गाव आहे. मलाही तसंच वाटायचं. पण शहरातला माणूस म्हणतो, "आमच्याकडं राजधानी होती तवा तुमच्याकडं जंगल होतं." आणि परतवाड्याचा म्हणतो, "होती ना बाप्पा राजधानी! मंग राजधानीवाल्याईले गाडी पकडाले आमच्या स्टँडवर काहून यावं लागते?" हे मी सलूनमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, एकदा तर मयताच्या वाटेवर ऐकलंय. सुरुवात हसून होते. शेवट हसून होईलच असं नसतं.

म्हणूनच कुणाच्या तरी डोक्यात आलं की दोन्हीकडच्यांनी मिळून आपल्या गावाचा इतिहास साजरा करायचा, त्यासाठी ही समिती निघाली. दिवाळी होऊन गेली होती, लग्नं सुरू व्हायला अजून थोडा अवकाश होता. दरवाज्यापासून मिरवणूक काढायची, पोरांचं लेझीम, जुन्या फोटोंचं प्रदर्शन, शेवटी मैदानात भाषणं. आणि चालणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर फेटा. भाऊ माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "कोल्हापूर, तुह्याच हातचे फेटे पाह्यजेत. एकदम रुबाब दिसला पाह्यजे. फोटो येनार हायेत पेपरात."

मी हरखलो. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, आता हे गाव आपलं झालं.

भाऊंनी कापड अमरावतीहून आणलं. एका रंगाचं पुरेसं मिळालं नाही म्हणून अर्धं लाल बांधणीचं, अर्धं राणी गुलाबी. मी विचारलं, "कुणाला कुठला?"

"पाय तूच. बराबर वाटून दे."

बराबर वाटून दे. हे तीन शब्द मी किती दिवस तोंडात घोळवले असतील.

मी लग्नातला माणूस. लग्नात दोन रंगाचं कापड हातात आलं की मला कुणाला विचारायला लागत नाही. इकडे बहुधा लाल मुलाकडच्यांचा, दुसरा रंग मुलीकडच्यांचा. फेटा हा नुसता शोभेला नसतो. मांडवात अनोळखी पाचशे माणसं, त्यात कुणाला आधी पाणी, कुणाला आधी पान, पंगतीत कुणाला आधी वाढायचं, हे वाढप्यांना फेट्यावरून कळतं. वडिलांनी मला हे फेटा बांधायच्याही आधी शिकवलं होतं. माझ्या हातानं तेच केलं. दोन गट दिसले, दोन रंग होते. शहराला लाल दिला, परतवाड्याला गुलाबी. दरवाजा शहरात, म्हणजे पहिला मान शहराचा, हे लाल द्यायचं कारण मनात आलं की नाही तेही आता आठवत नाही. हात चालत होते.

पहाटेपासून बसलो होतो. बायको कापड उलगडून चुण्या घालून माझ्या हातात देत होती आणि मी एकेक डोकं उरकत होतो. थंडी होती, म्हाताऱ्यांचे कान गार लागत होते. तुरा वर काढला, शेमला पाठीवर सोडला की माणूस आरशात बघून छाती काढायचा. लोक खूश होते. शहरातला एक आजोबा म्हणाला, "लग्नात नाई बांधला इतला चांगला." परतवाड्याचे लोक जीपगाड्यांनी आले, तेही रांगेत बसले, गुलाबी बांधून घेतला, एकमेकांचे फोटो काढले. खाला ओट्यावरून बघत होती. "काय रे कोल्हापूर, आज तर तुले हात फुटले चार," एवढंच म्हणाली.

घोळ सुरू झाला तो नाश्त्यापासून.

नाश्त्याला आलुबोंडा आणि रस्सा होता. वाढायला आलेली पोरं लग्नाच्या केटरिंगमधली, अमरावतीची. त्यांनी दरवाज्यासमोर टेबलं लावली, डोकी पाहिली आणि लाल फेट्यांकडून वाढायला सुरुवात केली. लाल संपेपर्यंत गुलाबीकडे एक प्लेट गेली नाही. परतवाड्याकडचे म्होरके म्हणजे संत्र्याचे एक व्यापारी, त्यांना सगळे काका म्हणत होते. ते बराच वेळ हातावर हात ठेवून थांबले. मग त्यांनी एका वाढप्याला अडवलं.

"काहून रे, इकडं प्लेट कवा येनार?"

तो पोरगा अगदी भोळेपणानं बोलला. "काका, दोन मिनिटं. आधी नवरदेवाकडचे होऊ द्या ना. मंग तुमचेच."

"आधी कोन?"

"नवरदेवाकडचे. लालवाले."

 मग लाल फेट्यांमधून कुणीतरी मोठ्यानं हसलं. "बसा, व्याही बसा! पोरीवाल्यानं इतली घाई करू नये. तुमचा बी मानपान होईन."

आणि सगळे लाल फेटे हसले. तिथंच सगळं पेटलं.

"आमी पोरीवाले?" काका ओरडले. "आमच्या बाजारावर जगता, अन् आमाले पोरीवाले बनवता?"

"राजधानी आमची होती काका, कबूल करा ना. तुमी पाव्हणे."

"पाव्हणे? पुलापलीकडे पाय टाकून दाखव. पाव्हणे कोन ते दाखवतो."

कुणीतरी आलुबोंड्याचा द्रोण भिरकावला. कुणाच्या तरी सदऱ्यावर रस्सा सांडला. लेझमाची पोरं बाजूला पळाली. मी ओट्याजवळ उभा होतो, हातात शेवटच्या फेट्याची चुणी. मला अजून कळलंच नव्हतं की हे माझ्याकडे येणार आहे. पोरीचा बाप मीही आहे. पोरीवाले म्हणजे एवढी मोठी शिवी, हे मला त्या सकाळी कळलं. एका बाजूला ते म्हणून हसणारे, दुसऱ्या बाजूला ते म्हटलं म्हणून मारायला उठणारे, आणि दोन्हीकडे घरात मुली असलेली माणसं.

मग काकांनी डोक्यावरचा फेटा ओढून काढला. बांधलेला फेटा असा एका हिसक्यात निघत नाही, तो मानेभोवती अडकला, त्यामुळे ते आणखी चिडले. त्यांनी तो चोळामोळा करून माझ्या तोंडावर फेकला.

"कोनं दिलं बे हे? तूच ना तो बाहेरचा? तुले कोनं सांगतलं आमाले गुलाबी द्यायचं?"

त्यांच्यामागून एकेक गुलाबी फेटा माझ्या अंगावर यायला लागला. कापडच ते, लागत नाही. पण आमच्या धंद्यात बांधलेला फेटा कुणी असा फेकून मारत नाही. मारामारीतसुद्धा नाही. बायको मागे होती, तिनं माझा सदरा धरला होता. "आवं, चला की इथनं, आवं चला," एवढंच म्हणत होती. पण निघायला वाटच नव्हती. एकानं माझी कॉलर धरली. दुसरा म्हणाला, "कोल्हापूरवाले इकडं येतात अन् आमाले आमचा इतिहास शिकवतात!" मी कुणाला काय शिकवलं होतं? 

तेवढ्यात भाऊ आले. मला वाटलं, आता हे सांगतील की कापड मी आणलं, मीच म्हणालो वाटून दे. माझी नजर त्यांच्यावर खिळली होती. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते काकांचा हात धरून म्हणाले, "काका, आपल्याकून नाई झालं हे. याचं यानंच केलं. समितीचा काही संबंध नाई. याले मी आजच खोलीतून काढतो. तुमी फक्त मिरवणुकीत चला."

"ए," ते मग माझ्याकडे वळले, "उद्या सकाळी खोली खाली पाह्यजे. समजलं? जाय आपल्या गावाले."

माझ्या डोळ्यांपुढे आली ती शाळा. दुसरं काही नाही. पोरीनं नुकतंच शाळेत एक मैत्रीण केली होती, तिच्यासोबत रोज हात धरून यायची. आता तिला काय सांगायचं, एवढाच विचार डोक्यात आला. एवढी गर्दी, एवढा आरडाओरडा, आणि माझ्या मनात त्या पोरीच्या मैत्रिणीचं चाललं होतं.

"ओ बाप्पा, सरका! सरका म्हनलं ना!"

खाला गर्दी कोपरांनी ढकलत आत आली. ओढणी घसरलेली, श्वास लागलेला. माझ्या कॉलरवरचा हात तिनं चापट मारून खाली पाडला.

"काय झालं? काहून माराले उठले याले? मीच म्हनलं होतं याले, परतवाड्याले गुलाबी दे."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिनं मला काहीही म्हटलेलं नव्हतं. फेटे कुणाला कुठला रंग, याबद्दल आमचं बोलणंच झालं नव्हतं.

"तू?" काका म्हणाले.

"हाव, मी. मले गुलाबी आवडते. म्हनलं, परतवाड्याचे लोकं गोरे हायेत, त्याईले शोभते. आता काय फाशी देता का?"

कुणीतरी हसलं. काकांचा चेहरा लाल झाला. "खाला, तुले काय अधिकार? हा आमच्या दोन गावाचा विषय हाये."

"अन् मी काय तिसऱ्या गावची? पोरीवाले म्हनलं तं तुमाले आग लागली. पोरी नाईत का तुमच्या घरी? त्याईचेच तं हात भरतो मी."

मागून एका पोरानं तिच्याबद्दल, तिच्या जातीधर्माबद्दल काहीतरी म्हटलं. ते मी इथं लिहिणार नाही. खालानं तिकडे मान वळवून पाहिलं. मग तिनं मान परत काकांकडे केली आणि उत्तर त्यांनाच दिलं. "तुमच्या पोराले तोंड धुवाले सांगा."

"लय झालं," काका म्हणाले. "ध्यानात ठेव खाला, आता परतवाड्यात एका बी घरात तुह्या बांगड्या भरल्या जानार नाईत. लग्नाले बोलावनं बंद."

"नका बोलावू. मागच्या लग्नात तुह्या सुनेले भरल्या त्या बी उतरवून पाठव मंग."

काका जे बोलले ते पोकळ नव्हतं, हे तिला माहीत होतं. परतवाड्याची लग्नं हाच तिचा खरा धंदा. नवरीच्या घरी जाऊन हिरवा चुडा भरायचा, तिच्या मैत्रिणींच्या, आत्या-मावश्यांच्या हातात भरायचा, तिथंच जेवायचं, हसायचं, चार जणींची उणीदुणी काढायची. ओट्यावर बसणं हे तर दोन लग्नांच्या मधलं.

पण काकांना तिला मारता येत नव्हतं, आणि मला मारायचं कारण आता उरलं नव्हतं. परतवाड्याचे लोक उघड्या डोक्यानं गाड्यांत बसून निघून गेले. जाताना त्यांच्यातल्या एकानं नाश्त्याचं एक पातेलं पायानं लाथाडलं.

मिरवणूक निघाली. ती निघायलाच हवी होती, कारण पाहुणे आले होते, पेपरवाले आले होते. लाल फेटे पुढे, लेझीम मागे, आणि रस्ता अर्धा रिकामा. मैदानात मोठी भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, दोन गावांचं मन एक असलं म्हणजे वारसा टिकतो. खुर्च्यांची अर्धी बाजू मोकळी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. मी फाटकाजवळ उभा राहून ऐकलं. इतिहासाबद्दल एवढं प्रेम असलेली माणसं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि त्या प्रेमाची मला भीती वाटत होती. ज्यानं त्यानं आपला इतिहास शेताच्या बांधासारखा कोरून पुढे सरकवायचा, आणि मधे सापडला तर बाहेरचा माणूस तुडवायचा.

जमिनीवर पडलेले गुलाबी फेटे मी आणि बायकोनं गोळा केले. काहींवर रस्सा होता. खाला ओट्यावर बसून बघत होती.

"खाला," मी म्हणालो, "तुम्ही असं का..."

"गप बस. तुह्यात अक्कल असती तर मले बोलावं लागलं असतं का? गधा कुठला. दोन रंग घेऊन आला लग्न लावाले."

"पण तुमचं परतवाडा..."

"मी बुढी हाये. मले कोन हात लावते? तुले तं फाडलं असतं. अन् पोरीची शाया?" एवढं बोलून ती एकदम थांबली, आणि उगाच बांगड्या लावायला लागली. "जाय आता. माह्या डोक्याले ताप नोको देऊ."

इकडे शाळेला शाया म्हणतात. तिच्या तोंडातून तो शब्द आला आणि मला तिच्यासमोर उभं राहवेना.

दिवस मावळायच्या सुमारास भाऊ माझ्या दारात आले. मी सामान बांधायला घेतलं होतं, बायको भांडी पोत्यात भरत होती. भाऊंनी आत नजर टाकली, पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे ते." मग जरा वेळानं, वैतागून: "ते बुढी दुकानात येऊन बसली होती. म्हने, याले काढलं तं मी रोज तुह्या दुकानासमोर येऊन बसीन अन् तोंड बंद करनार नाई. गिऱ्हाईक सगळं पळून जाईन माह्यावालं." ते जायला वळले. "पन माह्याशी बोलू नोको तू. दिसला तरी बोलू नोको."

ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. अंगणात समोरासमोर आलो तर ते आभाळाकडे बघतात. नळाला पाणी आल्यावर त्यांची सून आमची बादली बाजूला सरकवते. पण खोली आहे. पोरगी शाळेत जाते. ती आता वऱ्हाडी बोलते, मला म्हणते, "बाबा, तुमी काहून असं बोलता?" माझं बोलणं तिला परकं वाटायला लागलंय. मला याचं वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं.

खालानं मला बजावलं आहे की खरं काय ते कुणालाही सांगायचं नाही. "सांगतलं तर भाऊ तुले काढीन अन् मी बी काढीन, ओट्यावरून." म्हणून मी गप्प राहिलो.

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. गंमत अशी, की मला परतवाड्यातून बोलावणी यायला लागली. त्याच गल्ल्यांतून, ज्यांनी माझ्या तोंडावर फेटे मारले होते. फेटा बांधणारा दुसरा कुणी नाही, मग करतात काय? काकांच्या पुतण्याच्या लग्नात तर मी काकांच्याच डोक्यावर फेटा बांधला. त्यांनी मान खाली घातली नाही, बोललेही नाहीत, फक्त आरशात एकदा पाहून घेतलं. मला त्यांनी माफ केलं, म्हणजे विसरून गेले. खालाला कुणी माफ केलं नाही. काकांचा शब्द खरा ठरला. एकाही घरातून तिला बोलावणं नाही. नवरीचा चुडा आता अमरावतीहून तयार डब्यात येतो, किंवा परतवाड्याच्या दुकानातली एक पोरगी येऊन भरून जाते. खाला ओट्यावरच असते. वरातीचा बँड दरवाज्यावरून गेला की ती पेटीतल्या बांगड्या काढून पुन्हा नीट लावते.

एकदा मी धीर केला. एका घरी फेटे बांधायला गेलो, कापड उलगडायच्या आधी नवरीच्या आईला म्हणालो, "मावशी, चुडा खालाला भरायला बोलवा ना. हात चांगला आहे तिचा." त्या बाईंनी नजर वळवली. बाजूला एक भाऊबंद बसला होता, तो म्हणाला, "तुले फेटे बांधाले बोलावलं ना? मंग फेटे बांध. जास्त शहाणपना नोको करू, गुलाबीवाल्या." सगळे हसले. मी "बरं" म्हणालो आणि बांधायला लागलो.

हे मी कागलपासून फार लांब, भाऊंच्याच खोलीत बसून लिहितोय, आणि लिहितानासुद्धा भाऊ वाचतील का, काका वाचतील का, ही धाकधूक आहेच. पण एवढं ठरवलंय. परतवाड्यात कधी ना कधी असं एक लग्न येईल, जिथं घरच्यांना माझ्याशिवाय चालणार नाही, आणि तोपर्यंत माझ्या डोक्यावर माझं स्वतःचं छप्पर असेल, कुणी उठ म्हटलं तरी पोरीची शाळा हलणार नाही. त्या दिवशी मी कापडाची घडी उलगडणार नाही. हसले तर हसू देईन. आधी दरवाज्यावरून खालाला मानानं आणा, तिच्या हातून तुमच्या पोरीचा चुडा भरा, मग डोकी माझ्यासमोर आणा, असं मी म्हणेन, आणि या वेळी "बरं" म्हणून वाकणार नाही. तुम्ही माझ्यासाठी जे गमावलंत ते मी तुम्हाला परत आणून देईन, खाला.